‘आयटीआयवाल्या काकांना कळलं, मला नाही, मग एम.एस्सी. कशाला केली?’

पत्र

मॅडम, मी नागपूरची, मनीषनगरला राहते. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पॉलिमर हा स्पेशल पेपर, फर्स्ट क्लास. आठ महिन्यांपासून बुटीबोरीच्या एका कंपनीत क्यूसीला (मालाच्या तपासणीला) ट्रेनी आहे. आमच्याकडे पाण्याच्या बाटल्यांचे प्रीफॉर्म होतात, म्हणजे पुढे फुगवून बाटली करायच्या त्या जाड नळ्या.

जुलैत माझ्या रात्रपाळीत प्रीफॉर्म धुरकट निघायला लागले. मी मटेरियलचं सर्टिफिकेट काढून बसले. त्यात आयव्ही (साखळ्या किती लांब ते सांगणारा आकडा) बरोबर, रंग बरोबर, सगळं बरोबर. सुपरवायझर ओरडत होते. तेवढ्यात मशीनवरचे काका ड्रायरच्या मागे गेले, एका पाइपाजवळ हात धरला आणि म्हणाले, ‘दाना ओला हाय पोरी. हीटर गेला याचा.’ खरंच गेला होता. काका दहावी आणि आयटीआय. कोणीतरी म्हणालं, ‘आता एम.एस्सी. मॅडमला इचारा ना.’ सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

पाच वर्षं शिकले त्यातलं काहीच इथे लागत नाही. मामा म्हणतात एमबीए कर, नाहीतर डेटा सायन्सचा कोर्स लाव. कॉलेजचे सर म्हणतात पीएचडीला ये. बाबा म्हणतात काहीही कर, पण रात्रपाळी सोड. मी काय करू?

– एक ट्रेनी

उत्तर

नोकरी सोडू नकोस. निदान पुढचा पावसाळा याच कंपनीत काढ. का, ते सांगते. पण आधी त्या रात्री नेमकं काय झालं ते नीट पाहू. तू ते अर्धंच पाहिलंस, असं मला पत्रावरून वाटतं.

काकांनी हात धरला तो रीजनरेशनचा पाइप असणार. पेटच्या, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकच्या, ड्रायरमध्ये मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे बारीक खडे) भरलेले टॉवर असतात. एक टॉवर हवेतलं पाणी शोषतो, तोवर दुसऱ्यातून गरम हवा सोडून त्याचं पाणी काढून टाकतात. हे आळीपाळीनं चालतं. त्या गरम हवेचा हीटर गेला की बाहेर पडणारी हवा हाताला थंड लागते, आणि काही तासांत दोन्ही टॉवर पाण्यानं भरून जातात. हॉपरमध्ये हवा जातेय, पॅनलवर १६५ अंश दिसतायत, सहा तास वाळवणही झालंय, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. फक्त ती हवा कोरडी नसते. ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला हवेतून दव पडायला लागतं तो आकडा, उणे ४० च्या आसपास हवा, तो कुठल्या कुठे गेलेला असतो. काकांनी पॅनलवर विश्वास ठेवला नाही, पाइप पाहिला. बरेच पावसाळे त्या मशीनवर काढल्याशिवाय हे येत नाही. त्यांच्याशी तुझी स्पर्धा नाहीच, आणि त्या रात्री हसणाऱ्यांपैकी किती जणांना तो पाइप माहीत होता, हेही एकदा मनाशी विचार.

आता दुसरा अर्धा भाग. उद्या काकांना विचार, दाणा ओला असला तर प्रीफॉर्म धुरकट का होतो? बहुतेक ते म्हणतील, वाफ धरते. वाफेनं बुडबुडे येऊ शकतात, रेघा येऊ शकतात. तुला दिसला तो धुरकटपणा वेगळा. बॅरलमध्ये पेट २७०–२८० अंशांना वितळलेलं असताना पाण्याचा एकेक रेणू कात्रीसारखा चालतो, पेटच्या लांब साखळीसारख्या रेणूतला एकेक एस्टर बंध (कड्या जोडणारा दुवा) तोडत जातो. साखळ्या आखूड होतात. आखूड साखळ्या चटकन ओळीत बसतात, म्हणजे स्फटिक लवकर धरतात. साच्यातलं गार पाणी प्रीफॉर्म गोठवायच्या आत स्फटिक सुरू झालेले असतात, आणि आरपार दिसायला हवा तो प्रीफॉर्म धुरकट होतो. पुढे असा प्रीफॉर्म फुगवला तर बाटली कुठेतरी दगा देणारच.

कागद घे आणि माझ्याबरोबर कर. एक किलो पेट. साखळीचं सरासरी वजन २४,००० धरू, म्हणजे किलोमागे ०.०४१७ मोल (रेणू मोजायचं एकक) साखळ्या. दाण्यात ५० पीपीएम (दहा लाखात ५० भाग) पाणी असेल तर किलोला ०.०५ ग्रॅम, म्हणजे ०.००२८ मोल. एक रेणू एक बंध तोडणार, साखळ्यांची संख्या एकानं वाढणार. सगळं पाणी त्यातच खर्च झालं तरी सरासरी २२,५०० वर येऊन थांबते. हे चालतं, म्हणून तर ५० पीपीएमच्या आत वाळवायला सांगतात. आता पाणी २०० पीपीएम धर. ०.०१११ मोल. सरासरी १९,००० च्या खाली, पाचवा हिस्सा गेला. आणि पावसाळी हवेत उघडं राहिलेलं पोतं, त्यातला न वाळवलेला दाणा ०.२ टक्के पाणी धरून असला तर? साडेसहा हजार. त्याची बाटली होत नाही, भुगा होतो.

आणखी एक. तो माल पुन्हा ड्रायरमध्ये टाकून पाणी जाईल, तुटलेली साखळी जोडली जाणार नाही. म्हणजे त्या रात्रीचे रिजेक्ट दळून, वाळवून नव्या दाण्यात किती टक्के मिसळायचे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारायला हवा होता. कोणी विचारला? काकांचं ते काम नव्हतं. ते तुझं होतं.

या सगळ्या हिशेबाला तुझ्या अभ्यासक्रमाबाहेरचं काय लागलं? नंबर ॲव्हरेज मॉलिक्युलर वेट, मोल, आणि एस्टरचं हायड्रोलिसिस, जे बी.एस्सी.लाच होऊन जातं. म्हणून ‘काहीच लागत नाही’ हे तुझं वाक्य मला मान्य नाही. लागलं असतं. पण तुला ते दहा मार्कांच्या प्रश्नाच्या आकारात दिलं होतं, आणि प्रश्न समोर धुरकट होऊन आला तेव्हा ओळखू आला नाही. यात तुझ्यापेक्षा शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडेल.

तू जे सर्टिफिकेट धरून बसली होतीस त्यावरचा आयव्ही कसा काढतात, आठवतं? पेट फिनॉल आणि टेट्राक्लोरोइथेनच्या मिश्रणात विरघळवायचं, काचेच्या व्हिस्कोमीटरमध्ये भरायचं आणि दोन खुणांमधून द्रव उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. हा प्रयोग तू केलेला आहेस, पॉलिमर दुसरा असेल इतकंच. चार कॉन्सन्ट्रेशन, चार बिंदू, सरळ रेषा, इंटरसेप्ट, मार्क-हाउविंकच्या समीकरणात घालून मॉलिक्युलर वेट. जर्नलमध्ये लिहिलं, सर्टिफाय करून घेतलं, विसरलो.

आणि ती रेषा सरळ कशी आली, तेही तुला माहीत आहे. मी शिकले त्या कॉलेजात उत्तर आधी ठाऊक असायचं, रीडिंग मागून यायचं. सीनियरचं जर्नल वर्गात फिरायचं. एखाद्या शहाण्या मुलीचा एक बिंदू रेषेबाहेर गेला तर डेमॉन्स्ट्रेटर म्हणायचे, ‘तो सोड, बाकीचे जोड.’ तो बिंदू का गेला, व्हिस्कोमीटर नीट धुतला नव्हता, वॉटर बाथचं तापमान हललं होतं की द्रावणात कचरा होता, हे शोधायला एक दुपार गेली असती. पण परीक्षा जवळ, बॅच पंचवीस जणांची, व्हिस्कोमीटर दोन. तेव्हा बिंदू सोडायचा. माझ्या मते विद्यापीठात आपण जे गमावतो ते नेमकं इथे गमावतो. अभ्यासक्रम जुना आहे, इमारत गळते, निकाल उशिरा लागतात, या तक्रारी खऱ्याच आहेत, पण त्या दुय्यम.

पुढे मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि नंतर गुजरातेत पॉलिमरच्याच कंपन्यांत काम केलं. मुलाखती घ्यायची वेळ आली तेव्हा मी उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारायचे: तुमच्या प्रोजेक्टमध्ये न जुळलेलं एक रीडिंग सांगा. ‘सगळं जुळलं मॅडम’ म्हणणारे पुष्कळ. ज्याला न जुळलेलं सांगता यायचं आणि त्याच्या मागे तो थोडा तरी धावलेला असायचा, त्याची टक्केवारी मी पाहत नसे. एचआरवाल्यांना हे आवडायचं नाही.

आता दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी उठून म्हणतं, अभ्यासक्रम ‘इंडस्ट्री-रेडी’ करा. म्हणजे काय, तुला एम.एस्सी.तच प्रीफॉर्मचं मशीन शिकवायला हवं होतं? मला नाही वाटत. ते मशीन काही वर्षांत बदलेल. काकांना जे येतं ते काकांजवळच शिकायचं असतं, आणि तिथे ते फुकट मिळतं. पॉल फ्लोरीचं नाव तुझ्या पुस्तकात पानोपानी आहे. त्यानं १९३४ साली ओहायोत पीएचडी केली ती फोटोकेमिस्ट्रीत. पॉलिमर त्याला विद्यापीठानं शिकवलाच नाही. ड्युपाँ कंपनीत नोकरीला लागला, तिथे कॅरोदर्सच्या हाताखाली पडला, आणि दोन वर्षांत साखळ्यांच्या लांबीचं वाटप गणितानं मांडून मोकळा झाला. १९७४ ला त्याला नोबेल मिळालं. विद्यापीठानं त्याला काय दिलं असेल? फिजिकल केमिस्ट्री आणि गणित, तेही पक्कं. बाकीचं त्यानं कामावर उचललं.

कॅरोदर्सचीही गोष्ट तुझ्या कामाची आहे. तो हार्वर्डमधली शिकवण्याची नोकरी सोडून १९२८ साली ड्युपाँमध्ये आला. त्याच्या गटानं आधी पॉलिएस्टरच केले होते. पण ते कमी तापमानाला वितळायचे आणि पाण्यापुढे टिकायचे नाहीत, म्हणून त्यांनी एस्टर सोडून अमाइड धरला आणि १९३५ साली नायलॉन आला. पॉलिएस्टरच्या साखळीत बेंझिनचं कडं घालून तिला ताठ करायचं इंग्लंडमधल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये जमवलं. तेच तुझं पेट. धुतलं, वापरलं तर त्याला पाण्याचं काही वाटत नाही, पण वितळलेलं असताना एस्टरचा जुना शत्रू कायम आहे. तुझ्या रात्रपाळीत जे झालं त्याच्यापुढे कॅरोदर्सनंही हात टेकले होते. हसणाऱ्यांना हे सांगू नकोस, उगाच चिडवतील.

आपल्या नागपुरात तर या विचाराला मोठं घर आहे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली ती उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी. त्यातून १९४२ साली अमरावती रोडवर एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी राहिली. २०२३ पासून तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालंय. खाणीच्या धंद्यातला माणूस मृत्युपत्रात रसायनाच्या शिक्षणासाठी पैसा ठेवतो, तेव्हा कारखान्यातली अडचण वर्गात यावी आणि वर्गातलं कारखान्यात जावं, हेच त्याच्या मनात असणार. तुझ्यासारखी मुलगी धुरकट प्रीफॉर्मची पिशवी घेऊन आपल्या जुन्या डिपार्टमेंटमध्ये गेली आणि सरांनी त्यावर एक तास घेतला, असं किती वेळा होतं? तू जा. सरांनी बोलावलंच आहे.

आता तुझे पर्याय.

एमबीए आत्ता नको. पाच-सात वर्षांनी माणसं आणि पैसा सांभाळायची वेळ आली तर कर, तेव्हा कळेल तरी.

मामांचं डेटाबद्दलचं निम्मं बरोबर आहे. कोर्स लावायच्या आधी घरचा डेटा बघ. ड्रायरचा ड्यू पॉइंट प्रत्येक शिफ्टला रजिस्टरमध्ये लिहितात ना? बऱ्याच ठिकाणी लिहितात आणि कोणी वाचत नाही. जून ते सप्टेंबर तो एका कॉलममध्ये घाल, शेजारी त्याच शिफ्टचे रिजेक्ट, आणि एक्सेलवर कंट्रोल चार्ट (आकडा नेहमीच्या मर्यादेत आहे का ते दाखवणारा आलेख) काढ. हीटर जाण्याच्या आधी काही दिवस ड्यू पॉइंट हळूहळू वर सरकत होता का, ते दिसेल. दिसलं तर एक पानाचा रिपोर्ट लिही, मराठीत लिही नाहीतर इंग्रजीत, पण एकच पान, आणि त्यात पाइप पाहिला कोणी ते काकांच्या नावासकट लिही. नुसतं ‘मटेरियल ओके’चा शिक्का मारणारी ट्रेनी आणि हे पान लिहिणारी ट्रेनी यांच्या पगारात फरक पडायला वेळ लागतो, पण पडतो.

पीएचडीबद्दल मला सरांना एक विचारायचंय: विषय कोणता? त्यांच्याकडे जागा आहे म्हणून जाऊ नकोस. चार-पाच वर्षं काढायची तर प्रश्न तुझ्या डोक्यात हवा. आणि तो तुझ्या पायाशी पडलाय, बरं का. बाटल्यांसारख्या पॅकेजिंगमध्ये रिसायकल केलेलं प्लास्टिक ठरावीक प्रमाणात घालणं आता नियमानं आलंय. प्रत्येक वेळी वितळवलं की पेटची साखळी थोडी तुटते; कधी पाण्यानं, कधी उष्णतेनं. कोणत्यानं किती, आणि रिसायकल दाण्यात ते आधी ओळखता येईल का, यावर काम करणारी माणसं हवीच आहेत. वर्षभर हा प्रश्न मागे लागला, झोपू देईना, तर नेट या पात्रता परीक्षेची तयारी कर. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे, म्हणजे घरच्यांवर भार नाही. वयाची अट आणि सवलती जाहिरातीत वाचून घे. गेटला इंजिनियरिंग सायन्सेसच्या पेपरात पॉलिमरचा वेगळा भाग असतो, एम.टेक. करायचं मनात आलं तर तोही रस्ता. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, आपल्या इथे व्हीएनआयटी, एलआयटी आहेत; प्लास्टिकच्या कचऱ्याकडे ओढ असेल तर नीरीत (पर्यावरण संशोधन संस्थेत) कोण काय करतंय ते पाहून ठेव. आणि वर्षानंतरही असा प्रश्न मागे लागला नाही, तर पीएचडी करू नकोस. त्यात कमीपणा काही नाही. मी केली नाही.

बाबांची काळजी मला कळते, मुलगी पहाटे वर्धा रोडनं घरी येते म्हटल्यावर कोणाचा जीव थाऱ्यावर राहील? पण त्यांना एक सांग. आमच्या वेळी कारखाने कायद्यातच बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला मनाई होती. त्यामुळे रात्री प्लांटमध्ये काय बिघडलं ते आम्हाला सकाळी रजिस्टरमधून कळायचं, आणि रजिस्टरमध्ये कोणी खरं लिहितं का? पाइप थंड होता हे कधीच लिहिलेलं नसायचं. लिहिलेलं असायचं, ‘मटेरियल प्रॉब्लेम’. तू तिथे उभी होतीस, म्हणून तुला कळलं. रात्रपाळी नेहमीची नको, पण आलटून पालटून असेल तर सोडू नकोस. दारापर्यंत गाडी, शिफ्टला आणखी एक बाई, वेगळी रेस्टरूम, हे मात्र एचआरकडून लेखी मागून घे. ते उपकार करत नाहीत, त्यांना ते द्यावंच लागतं. बाबांना एकदा कंपनीच्या गेटपर्यंत घेऊन गेलीस तर निम्मी काळजी तिथेच मिटेल.

राहता राहिले काका. त्यांच्याकडे चहाच्या सुट्टीत वही घेऊन जा आणि ‘कशावरून कळलं?’ एवढंच विचारत जा. आवाजावरून, वासावरून, स्क्रूच्या लोडवरून. या माणसांना पुष्कळ कळत असतं आणि विचारणारं कोणी नसतं. बदल्यात तू त्यांना तो साखळ्यांचा हिशेब दाखव. त्यांना कळणार नाही असं समजू नकोस. दाणा आणि पाणी यांच्याबद्दल ऐकायला त्यांच्याइतका जाणकार श्रोता तुला कॉलेजातही मिळायचा नाही.

त्या रात्रीचे प्रीफॉर्म ठेवले असतील तर टाकू नकोस. दहा-बारा नग, त्यांवर तारीख घालून, बाजूला ठेव, त्याच लॉटचा थोडा दाणाही ठेव, आणि दोन्हींचा आयव्ही काढून घे. कंपनीत सोय नसेल तर चंद्रपूरला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला सिपेटमध्ये (प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत) पैसे भरून चाचणी करून मिळते. साहेबांची सही घे, ते देतील. सर्टिफिकेट दाण्याचं असतं, बाटली प्रीफॉर्मची होते. दोन आकड्यांमधला फरक तुझ्या एका पानात सगळ्यात वर येऊ दे. आणि कधी कंपनीच्याच लॅबमध्ये काढायची वेळ आली, तर ते टेट्राक्लोरोइथेन फ्यूम हूडबाहेर उघडायचं नाही, सुपरवायझर कितीही ओरडले तरी. ते यकृतावर जातं, आणि फिनॉल हाताला लागलं तर भाजतं. जर्नलमध्ये ‘प्रिकॉशन्स’ म्हणून लिहिलं होतंस ना, तेवढं खरंच पाळ.